अँडीजमधील वस्त्रकारागिरांविषयीचे प्रवासलेखन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूने पसरलेल्या अँडीज पर्वतरांगेत, विशेषतः पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, लोकर कातणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि विणणाऱ्या कारागिरांना भेटण्यासाठी केले जाणारे प्रवास हा आता एक रूढ प्रकार झाला आहे. आरेकिपातील लोकर-गिरण्या, तितिकाका सरोवरातील ताकिले बेट, कुस्को शहर, त्याच्या जवळचे चिंचेरो आणि दक्षिणेकडचे पितुमार्का अशी या प्रवासाची ठाणीही जवळपास ठरलेली आहेत. या प्रवासाबरोबर त्याचे लेखनही वाढले. सचित्र ग्रंथ, संग्रहालयांच्या सूची, मासिकांतील लेख आणि मानववंशशास्त्रीय अभ्यास अशा अनेक रूपांत ते उपलब्ध आहे.

या लेखनाचे स्वतःचे काही संकेत आहेत. प्रवासवर्णनात असे संकेत असणे यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो त्या संकेतांमुळे काय दिसते आणि काय झाकले जाते, हा. विणणारी स्त्री या लेखनात ज्ञानाची धनी म्हणून येते की निसर्गदृश्याचा एक भाग म्हणून, यावर तिच्या कामाचे मोल ठरते. हे मोल केवळ कलामूल्य नाही. तिच्या दिवसभराच्या श्रमाला बाजारात काय किंमत मिळावी, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. प्रस्तुत निबंधात दुर्गमता, प्रात्यक्षिक, चिन्हकोश आणि लोप या चार संकेतांची चिकित्सा केली असून, त्यानंतर अ‍ॅनी आल्बर्स, एलेन झॉर्न आणि नील्दा कायान्यौपा आल्वारेस यांच्या ग्रंथांची त्या अनुषंगाने तुलना केली आहे.

दुर्गमतेचा संकेत

या प्रकारचे लेखन बहुधा उंचीपासून सुरू होते. चिंचेरो समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे आणि अल्पाकांचे कळप त्याहूनही वर, ४,००० मीटरच्या पुढच्या कुरणांत चरतात, ही माहिती खरी आहे. परंतु उंची हळूहळू दूरपणात आणि दूरपणा शुद्धतेत रूपांतरित होतो. जितके गाव दूर, तितकी कला अस्सल, असे समीकरण वाचकाच्या मनात तयार होते.

इतिहास या समीकरणाला दुजोरा देत नाही. जॉन मर्रा यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंका राज्यव्यवस्थेतील वस्त्राचे स्थान उलगडून दाखवले. वस्त्र हे त्या राज्यात करभार, सैनिकांचे वेतन, जिंकलेल्या सरदारांना द्यायची भेट आणि देवतेपुढे जाळायचा बळी अशा सर्व रूपांत वावरत होते. रोजच्या वापराचे जाड कापड आणि राजदरबारासाठी खास विणकरांकडून करून घेतलेले तलम ‘कोम्पी’ यांत स्पष्ट भेद होता. म्हणजे अँडीजमधील विणकर पाच शतकांपूर्वीही राज्याच्या हिशेबात होता. स्पॅनिश सत्तेबरोबर मेंढी आली, पायटे दाबून चालवायचा माग आला, सुयांवरचे विणकाम आले. ‘ओब्राखे’ नावाच्या कापड-कारखान्यांत सक्तीने राबवले जाणारे मजूरही त्याच काळातले. आज ‘प्राचीन’ म्हणून ज्याचे छायाचित्र घेतले जाते, त्यात या साऱ्या देवाणघेवाणीचे थर असतात.

येथे आपल्या भाषेशी संबंध असलेला एक दाखला देता येईल. पेरूच्या किनाऱ्यावरील उआका प्रिएता येथे सापडलेल्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या सुती कापडात निळीचा वापर झाल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. निळीच्या वापराचा इतका जुना पुरावा तोवर जगात अन्यत्र मिळालेला नव्हता. परंतु स्पॅनिश भाषेत, आणि म्हणून आजच्या पेरूतही, निळीला ‘अन्यील’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आलेला असून त्याचे मूळ संस्कृत ‘नील’ या शब्दाशी जाते. वस्तू तेथली, नाव मात्र अर्धे जग फिरून आलेले. शुद्धतेचा शोध घेणाऱ्या प्रवाशाने या एका शब्दापाशी थांबले, तरी त्याला आपल्या गृहीतकाचा फेरविचार करावा लागेल.

दुर्गमतेच्या संकेतामुळे आणखी एक गोष्ट निसटते. लेखक कुरणातील गुराख्याचे वर्णन करतो, गावातील विणकराचे करतो, पण त्या दोघांमधील दुवा त्याच्या लेखनात क्वचितच येतो. अल्पाकाच्या लोकरीचा मोठा भाग आरेकिपाच्या गिरण्यांकडे जातो. तेथे तिची प्रतवारी होते. दुकानांतून ‘बेबी अल्पाका’ या नावाने जे विकले जाते, ते कोवळ्या पिल्लाच्या अंगावरचे असते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते सुमारे २२ ते २३ मायक्रॉन जाडीच्या आतील धाग्याच्या प्रतीचे नाव आहे आणि असा तंतू प्रौढ जनावराच्या अंगावरही मिळतो. ही प्रतवारी मुख्यतः स्त्रिया हातांनी करतात. लोकरीचा पुंजका बोटांत धरून त्याची तलमता ओळखणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कौशल्य आहे आणि गुराख्याच्या पदरात किती पडणार, हे बरेचसे त्या प्रतीवर अवलंबून असते. तरीही प्रतवारी करणारी स्त्री या लेखनात कारागीर म्हणून येत नाही. ती शहरात राहते, गिरणीत काम करते आणि तिच्यामागे बर्फाच्छादित शिखर नसते, एवढाच तिचा दोष!

प्रात्यक्षिकाचा संकेत

चिंचेरो आणि कुस्कोच्या परिसरात पर्यटकांसमोर विणकामाचे प्रात्यक्षिक करून दाखवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. त्याचा क्रम वाचकाला लवकरच पाठ होतो. एका मुळाचा कीस पाण्यात घोळून फेस काढला जातो आणि मळकट लोकर त्यात पांढरीशुभ्र होते. निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडला जातो आणि तळहात लालभडक होतो. त्यावर लिंबाचा रस किंवा क्षार टाकताच रंग पालटतो. मग टकळी फिरते, माग दाखवला जातो आणि शेवटी विक्रीची घोंगडी-शाली पसरल्या जातात. बहुतेक प्रवासवर्णने हे सारे एखाद्या जादूच्या प्रयोगासारखे सांगतात.

या प्रात्यक्षिकाला केवळ देखावा म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. ते करणाऱ्या स्त्रियांचे संवादकौशल्य, विनोद आणि अनोळखी भाषेतील हजरजबाबीपणा हीदेखील एक कमावलेली कला आहे. आक्षेप आहे तो अर्ध्या तासाच्या या नाट्यालाच संपूर्ण प्रक्रिया समजणाऱ्या लेखकावर. रंग पालटण्याचा क्षण नाट्यमय असतो, म्हणून तो लिहिला जातो. टकळीवर सूत काढणे कंटाळवाणे दिसते, म्हणून ते एका वाक्यात संपते. वस्तुतः वेळेचा हिशेब नेमका उलटा आहे. एखादी ‘यिक्या’, म्हणजे खांद्यावरून पांघरायचे वस्त्र, तयार करताना सर्वाधिक वेळ कातण्यात आणि पीळ देण्यात जातो. ते काम चालता चालता, मेंढरे राखता राखता, बाजाराची वाट तुडवताना होत असते आणि म्हणूनच ते काम म्हणून मोजले जात नाही. विणायला त्यानंतर कित्येक आठवडे लागतात. प्रात्यक्षिकात हा काळ आकसतो आणि वाचकाला विक्रीची किंमत जास्त वाटू लागते. घासाघीस करण्याचा प्रवाशाचा उत्साह आणि त्याच्या लेखनातील काळाचा हा संकोच यांचा संबंध उघड आहे.

या संदर्भात सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे एक साधन महत्त्वाचे आहे. अँडीजमधील स्थानिक लेखक फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला याने सुमारे १६१५ पर्यंत पूर्ण केलेल्या आणि आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात असलेल्या हस्तलिखितात जवळपास चारशे रेखाचित्रे आहेत. स्त्रियांची वयोगटांनुसार वर्गवारी करताना त्याने पहिल्या स्थानी तेहतीस वर्षांची विणकर स्त्री काढली आहे. तिच्या मागाचे एक टोक कमरेला बांधलेले आहे. याच ग्रंथात पुढे मागावर बसलेल्या स्त्रीवर हात उगारणारा पाद्रीही आहे. बळजबरीने विणून घेणे हा त्या काळातील सर्रास चालणारा जुलूम होता आणि पोमाने राजाकडे मांडलेल्या गाऱ्हाण्यांपैकी ते एक गाऱ्हाणे होते. माग, स्त्री आणि तिच्याकडून कापड मागणारा सत्ताधारी अशी तीन पात्रे पोमा एका चौकटीत आणतो. आधुनिक प्रवासलेखनात मात्र तिसरे पात्र अदृश्य होते, कारण कापड मागणारा आता खुद्द लेखक असतो.

चिन्हकोशाचा संकेत

विणलेल्या प्रत्येक आकृतीला एक अर्थ आहे आणि कारागिराला विचारले की तो मिळतो, हा या लेखनातील सर्वांत लोकप्रिय समज. नागमोडी रेषा म्हणजे नदी, चौकट म्हणजे शेत, अशा याद्या पुस्तकांच्या शेवटी दिलेल्या आढळतात. मराठी वाचकाला हा समज विशेष पटण्यासारखा आहे. ‘सूत्र’ हा शब्द आपण धाग्यासाठी आणि सिद्धान्तासाठी एकदमच वापरतो, ‘ग्रंथ’ या शब्दात गाठ आहे आणि कथानकाची ‘वीण’ हा तर समीक्षेतील रुळलेला शब्दप्रयोग. वस्त्र म्हणजे मजकूर, हे रूपक आपल्या भाषेतच मुरलेले असल्यामुळे त्याविषयी अधिक सावध राहणे आवश्यक ठरते.

आकृत्यांना नावे असतात, यात शंका नाही. चिंचेरोच्या वस्त्रांतील ‘लोरायपु’ ही आकृती त्या गावाची ओळख मानली जाते. परंतु नाव म्हणजे अर्थ नव्हे. एकाच आकृतीला शेजारच्या गावात वेगळे नाव असू शकते आणि पुष्कळदा ते नाव विणणारीला ताण्याचे धागे कोणत्या क्रमाने उचलायचे हे लक्षात ठेवण्यास मदत करते. अँडीजच्या या वस्त्रांत आकृती ताण्यातून उमटते. दोन रंगांचे धागे जोडीने चालतात. एका बाजूस जो रंग वर, तो दुसऱ्या बाजूस खाली. त्यामुळे कापडाची एक बाजू दुसरीचे उलटे रूप असते. विणणारी मुलगी ही सममिती आधी अरुंद पट्ट्यांवर बोटांनी शिकते. ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नाचे तिला सुचणारे पहिले उत्तर बहुधा ‘हे असे मोजायचे’ असेच असणार.

रचना आणि श्रद्धा यांची फारकत करणेही कसे अवघड आहे, हे ‘योके’ या धाग्यावरून दिसते. नेहमीच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे पीळ दिलेला हा धागा अनिष्टापासून रक्षण करतो, अशी धारणा आहे. प्रवासी लेखक ही धारणा उत्साहाने नोंदवतो. याच धाग्याचे दुसरे काम मात्र तो नोंदवत नाही. उलटसुलट पिळाचे धागे काठाशी शेजारी ठेवले की दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात आणि काठ गुंडाळत नाही. जो धागा माणसाला राखतो तोच कापडालाही सरळ राखतो. हे दोन्ही एकाच हाताला ठाऊक असते.

चिन्हकोशाच्या पलीकडे जाणारे वाचन कसे असते, याचा उत्तम नमुना वेरोनिका सेरेसेदा यांनी १९७८ साली चिलीच्या उत्तरेकडील इस्लुगा येथील धान्याच्या पिशव्यांवर लिहिलेल्या निबंधात मिळतो. या पिशव्यांवर प्राणी नाहीत, पक्षी नाहीत, केवळ नैसर्गिक रंगांच्या लोकरीचे उभे पट्टे आहेत. चिन्हांच्या शोधात निघालेला प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. सेरेसेदा यांनी मात्र पट्ट्यांची संख्या, मधल्या पट्ट्याला आयमारा भाषेत असलेले ‘हृदय’ हे नाव आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे संतुलन यांतून त्या समाजाच्या अवकाशविषयक विचाराची मांडणी केली.

तंतूच कसा अर्थवाहक असू शकतो, याचा पुरावा त्यानंतर एका वेगळ्या दिशेने आला. सॅबिन हायलंड यांनी २०१७ साली सान ह्वान दे कोयाता या गावाने जपलेल्या दोन ‘किपूं’चा, म्हणजे गाठींच्या दोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या दोरांत विकुन्या, अल्पाका, लामा, ग्वानाको, हरीण आणि विस्काचा या प्राण्यांचे केस वापरलेले असून, कोणता दोर कोणत्या प्राण्याचा हे ओळखण्यासाठी डोळ्यांइतकीच बोटांची गरज असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. आरेकिपाच्या गिरणीत प्रतवारी करणाऱ्या स्त्रीचे बोटांतले ज्ञान आणि हे ज्ञान एकाच जातीचे आहे. पाहण्यावर सारा भर देणारे प्रवासलेखन स्पर्शाच्या या ज्ञानापाशी लंगडे पडते.

लोपाचा संकेत

‘ही कला आता लोप पावत आहे’ हे वाक्य या लेखनाचा जणू भरतवाक्य-भाग झाले आहे. त्यातील हळहळ प्रामाणिक असते, पण ती कारणे सांगत नाही. १७८० साली सुरू झालेला दुसऱ्या तुपाक अमारूचा उठाव मोडल्यानंतर, १७८१ सालच्या शिक्षेच्या आदेशात इंका परंपरेच्या वेषावर बंदी घालण्यात आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि वनस्पतिजन्य रंगांचे काम मागे पडले. पुढे कृत्रिम धागा आला. यातील प्रत्येक घटनेमागे कोणाचा तरी निर्णय आणि कोणाचा तरी लाभ होता. ‘लोप’ हा शब्द तो पुसून टाकतो.

पुनरुज्जीवनाचेही असेच आहे. कुस्को येथे १९९६ साली स्थापन झालेल्या पारंपरिक वस्त्रकेंद्राने परिसरातील दहा समुदायांबरोबर काम करून नैसर्गिक रंग पुन्हा वापरात आणले. पितुमार्कात ताण्याचेच धागे टप्प्याटप्प्यांवर बदलण्याचे ‘तिक्या’ हे अतिशय किचकट तंत्र पुन्हा विणले जाऊ लागले. ही कामगिरी मोठी आहे. परंतु तिला ‘परंपरेकडे परतणे’ म्हणणे अपुरे आहे. ती आधुनिक काळातील जाणीवपूर्वक निवड आहे आणि त्यात ग्राहकाच्या आवडीचाही वाटा आहे. स्वतः विणणाऱ्या स्त्रियांना सणासुदीसाठी झगझगीत कृत्रिम रंग आवडतात, असे अनेकदा दिसते. सौम्य, मातकट रंगांना अस्सल मानणारा डोळा पुष्कळदा खरेदीदाराचा असतो. अस्सलपणाची व्याख्या कोण करतो, हा प्रश्न टाळून परंपरेविषयी लिहिता येत नाही.

तीन ग्रंथ, तीन भूमिका

अ‍ॅनी आल्बर्स या बाउहाउस परंपरेतील विणकर. त्यांनी ‘ऑन वीव्हिंग’ (१९६५) हा आपला ग्रंथ पेरूच्या प्राचीन विणकरांना गुरू मानून अर्पण केला. त्यांचे मोठेपण यात आहे, की त्यांनी अँडीजच्या वस्त्राला रचनेचा विचार म्हणून वाचले. मागाच्या भाषेत मागाशी बोलणारे हे लेखन चिन्हकोशापासून पूर्ण मुक्त आहे. पण त्यांचे गुरू प्राचीन आहेत, म्हणजेच मृत. जिवंत विणकराशी, तिच्या बाजाराशी आणि भावाशी त्यांना देणेघेणे करावे लागत नाही.

एलेन झॉर्न यांचा ‘वीव्हिंग अ फ्यूचर’ (२००४) हा ताकिले बेटावरील ग्रंथ ही उणीव भरून काढतो. येथे मराठी लेखकासमोर एक भाषिक अडचण उभी राहते. ताकिलेत स्त्रिया मागावर विणतात आणि पुरुष सुयांवर टोप्या विणतात. पुरुषाच्या टोपीच्या रंगावरून तो विवाहित की अविवाहित हे कळते. आपल्याकडे दोन्हींसाठी ‘विणणे’ हे एकच क्रियापद असल्याने श्रमविभागणीचा हा कणा भाषांतरात नाहीसा होण्याची भीती आहे. ताकिलेच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली गौरवले आणि २००८ साली तिचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. झॉर्न मात्र १९७०च्या दशकापासून त्या बेटाच्या संपर्कात होत्या. बेटवासीयांनी स्वतःच्या होड्या बांधून पर्यटन आपल्या हाती ठेवले, वस्त्रांची विक्री सामुदायिक दुकानातून केली आणि १९९०च्या दशकातील खुल्या धोरणानंतर होड्यांवरचे नियंत्रण बाहेरच्या व्यावसायिकांकडे कसे गेले, हे त्या तपशिलाने मांडतात. त्यांच्या ग्रंथात विणकर हा अर्थव्यवहार जाणणारा, डावपेच लढवणारा माणूस आहे. यादीतील गौरवाच्या भाषेत हा माणूस सापडत नाही.

तिसरा ग्रंथ नील्दा कायान्यौपा आल्वारेस यांचा ‘वीव्हिंग इन द पेरूव्हियन हायलँड्स’ (२००७). लेखिका स्वतः चिंचेरोच्या, लहानपणी मेंढरे राखताना कातायला शिकलेल्या आणि पुढे कुस्कोच्या वस्त्रकेंद्राच्या संस्थापक. येथे प्रवासाची दिशाच उलटते. ज्यांना भेटायला जग येते, त्यांच्यातली एक जण जगासाठी लिहिते. तंत्रांना त्यांची केचुआ नावे मिळतात आणि ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी दिसते. तथापि ग्रंथ इंग्रजीत आहे आणि त्याचा अपेक्षित वाचक हा परदेशी विणकामप्रेमी व ग्राहक आहे. त्यामुळे त्याचा स्वर गौरवाचा राहतो आणि झॉर्न यांनी टिपलेले बाजाराचे ताण मागे पडतात. आपल्या समुदायाच्या उपजीविकेची जबाबदारी असलेल्या लेखिकेला ती मोकळीक नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागेल. या तिघींना एकत्र वाचल्याशिवाय रचना, बाजार आणि विणकराचा स्वतःचा आवाज ही तिन्ही अंगे हाती लागत नाहीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. दुर्गमता ही कलेच्या अस्सलपणाची कसोटी होऊ शकत नाही. अँडीजचे वस्त्र प्रारंभापासून राज्य, कर आणि व्यापार यांच्या व्यवहारात घडले आहे.

२. कारागिरांविषयीच्या लेखनात वेळेचा हिशेब आला पाहिजे. कातण्याचा काळ वगळणारे वर्णन किमतीबाबत वाचकाची दिशाभूल करते.

३. आकृतीचा अर्थ विचारण्याआधी तिची रचना आणि तंतूचा स्पर्श समजून घेणे आवश्यक आहे. प्रतवारी, पीळ आणि मोजणी हे हस्तकौशल्य आहे, तसाच तो विचारही आहे.

४. लोप आणि पुनरुज्जीवन या शब्दांमागील निर्णय व हितसंबंध नावानिशी सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

या प्रश्नांची निकड वाढलेली आहे. मार्च २०२० मध्ये पेरूने कोविडमुळे सीमा बंद केल्या, तेव्हा पर्यटकांवर विसंबलेल्या विणकरांचे उत्पन्न एकाएकी थांबले. २०१९ साली चिंचेरोतच नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या कामाला प्रारंभ झाला होता आणि इतिहासकार व पुरातत्त्वज्ञांनी त्यास विरोध नोंदवला होता. या विमानतळामुळे भेटायला येणाऱ्यांची संख्या वाढेल, हे उघड आहे. त्यांतील किती जण विणणारीचे नाव, तिला लागलेले दिवस आणि तिला मिळालेली रक्कम लिहून ठेवतील, यावर या लेखनप्रकाराचे पुढील मूल्यमापन करावे लागेल.